खर्जातले ऋणानुबंध

खर्जातल्या पितळी वाद्यांसाठी लिहिणारे संगीतकार मुळात थोडे, आणि जे आहेत ते बहुधा कोणा ना कोणा वादकाचे मित्र असतात. याचे कारण ट्यूबाच्या जन्मसालात आहे. प्रशियाच्या लष्करी बँडांचा कारभार पाहणारा व्हिल्हेल्म वीप्रेख्त आणि वाद्ये घडवणारा योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी बर्लिनमध्ये ट्यूबाचे पेटंट घेतले ते 1835 साली. तेव्हा मोत्सार्टला जाऊन 44 वर्षे झाली होती आणि बेथोव्हनला 8. व्हायोलिन वाजवणारा माणूस दिवंगत संगीतकारांच्या जिवावर सुखाने जन्म काढू शकतो. हयात संगीतकाराचे तोंड पाहण्याची त्याला गरजच पडत नाही. ट्यूबावाल्याची ती सोय नाही. त्याला जिवंत संगीतकार गाठावा लागतो, त्याची मर्जी सांभाळावी लागते, त्याला जेवायला बोलवावे लागते, प्रकाशकांविषयीच्या त्याच्या तक्रारी ऐकून घ्याव्या लागतात. मग कुठे एखादी सोनाटा पदरात पडते. असा संगीतकार वारला की वादकाचे नुकसान दुहेरी होते. मित्र तर जातोच, पण पुढच्या रचनाही त्याच्याबरोबर जातात.

अशा मैत्र्यांमध्ये सर्वांत फळलेली मैत्री अमेरिकेतली: संगीतकार अ‍ॅलेक वाइल्डर (1907–1980) आणि ट्यूबावादक हार्वी फिलिप्स (1929–2010) यांची. एकाला प्रसिद्धीचा तिटकारा होता, दुसऱ्याने प्रसिद्धी ही ट्यूबाची राष्ट्रीय गरज मानली होती. एक लाजाळू, तिरसट, ब्रह्मचारी. दुसरा सर्कशीतून आलेला, बायकामुलांचा, चारशे माणसांना एका वेळी जमवू शकणारा. अशांचे जमायला नको, पण जमले.

मैत्रीकडे वळण्याआधी वाद्याची ओळख आवश्यक आहे, कारण त्याच्या स्वभावावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. मराठी वाचकाला मोठे पितळी वाद्य भेटते ते वरातीत, आणि तेव्हा त्याचे लक्ष घोड्याकडे असते. ट्यूबा नीट पाहायचा तर बसलेल्या वादकाच्या मांडीवर पाहावा. बी फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडून सरळ केली तर 18 फुटांच्या आसपास भरते, म्हणजे चांगल्या उंच माणसाच्या तिप्पट. एवढी नळी वेटोळी घालून मांडीवर घ्यायची, छातीशी धरायची आणि तिच्या एका टोकाला ओठ लावून ते थरथरवायचे, की दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यातून नाद बाहेर पडतो. उच्छ्वासातली वाफ नळीत गार होऊन तिचे पाणी साचते. ते साचले की सूर गुळण्या केल्यासारखा येतो, म्हणून एक बारीक झडप दाबून ते मधूनमधून जमिनीवर सोडावे लागते. पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांना ती थुंकी वाटते. ती थुंकी नसून मुख्यतः वाफेचे पाणी आहे, हे समजावून सांगण्यात ट्यूबावाल्यांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या आहेत आणि अजून एकाही श्रोत्याचा विश्वास बसलेला नाही.

वाद्यवृंदात ट्यूबा एकच असतो. व्हायोलिने तीस असली तरी चालते, ट्यूबा दोन झाले की व्यवस्थापक हिशेब विचारतो. त्या एकट्यालाही काम बेताचेच. याचा कळस म्हणजे द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी. 1893 साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजलेली ही सिंफनी चाळीसेक मिनिटे चालते. तीत ट्यूबाच्या वाट्याला जेमतेम 14 स्वर आहेत. सगळे दुसऱ्या भागात, काही सुरुवातीला आणि काही शेवटी, आणि तेही शेजारचा बास ट्रॉम्बोन वाजवतो तेच. बाकीचा वेळ ट्यूबावादक ताठ बसून संगीत ऐकतो. कपडे मात्र त्याला इतरांसारखेच काळे शिवून घ्यावे लागतात, तालमीला इतरांसारखेच वेळेवर यावे लागते, आणि ते 14 स्वर अशा हळुवार जागी आहेत की एक जरी चुकला तरी सभागृहातल्या शेवटच्या माणसाला कळते. मासिक पगार भागिले स्वर हा हिशेब केला तर ट्यूबावादक जगातला सर्वांत महागडा कलावंत ठरेल. हा हिशेब तो स्वतः कधी करत नाही.

फावल्या वेळेचा माणसाच्या स्वभावावर परिणाम होतो. ट्यूबावादक सहसा सोशिक, विनोदी आणि संघटनप्रिय असतात. विनोदी, कारण आपल्यावरचे विनोद इतरांच्या आधी आपणच केलेले बरे. संघटनप्रिय, कारण प्रत्येक वाद्यवृंदात एकटाच असल्याने जातभाई भेटतो तो गाव सोडल्यावर.

या वाद्यासाठी पहिला नाव घेण्याजोगा कॉन्चेर्तो, म्हणजे एका वाद्याची वाद्यवृंदाच्या साथीने वाजणारी रचना, लिहिला गेला तो जन्मानंतर तब्बल 119 वर्षांनी. इंग्लंडच्या राल्फ व्हॉन विल्यम्सने 1954 साली, वयाच्या 81व्या वर्षी, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीनिमित्त तो लिहिला आणि त्याच वाद्यवृंदाच्या फिलिप कॅटेलिनेटने तो वाजवला. म्हातारपणी सुचलेली लहर, अशी त्याची संभावना झाली. पुढच्याच वर्षी जर्मन संगीतकार हिंडेमिटने ट्यूबा आणि पियानोची सोनाटा लिहिली. हिंडेमिट बहुतेक प्रत्येक वाद्यासाठी एकेक सोनाटा लिहीत आला होता. ट्यूबाचा नंबर अगदी शेवटी लागला, पण लागला. एक म्हातारा आणि एक शिस्तीचा माणूस, एवढ्या दोघांच्या कृपेवर 1955 अखेरचा ट्यूबावादक उभा होता. लागोपाठ वाजवले तर तासाभराचाही कार्यक्रम होत नव्हता.

अ‍ॅलेक वाइल्डरचा प्रवेश येथे होतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी 16 फेब्रुवारी 1907 रोजी एका सावकारी घराण्यात त्याचा जन्म झाला. घराणे इतके वजनदार की गावात त्यांच्या नावाची इमारत अजून उभी आहे. मुलाला मात्र बँकेत रस नव्हता. रॉचेस्टरच्याच ईस्टमन संगीत विद्यालयातल्या शिक्षकांकडे तो खासगीत शिकला आणि पदवी न घेता बाहेर पडला. त्याच विद्यालयाने पुढे 1973 साली त्याला मानद पदवी दिली. परीक्षा चुकवून पदवी मिळवण्याचा हा मार्ग लांबचा आहे, पण खात्रीचा आहे.

त्याचा पत्ता म्हणजे न्यूयॉर्कच्या 44व्या रस्त्यावरचे अल्गॉन्क्विन हॉटेल. घर त्याने केलेच नाही. थोडे थांबे सोडले तर जन्मभर तो या हॉटेलात राहिला. या हॉटेलात एक मांजर पाळण्याची जुनी प्रथा आहे, म्हणजे कायमचा मुक्काम असलेला तो एकटाच नव्हता. मनात आले की बॅग भरून तो आगगाडीत बसे आणि कोणा मित्राच्या गावी उतरे. आगगाडीवर त्याचे अतोनात प्रेम होते. सामान बेताचे आणि स्वरलेखनाचा कागद भरपूर, असा त्याचा संसार.

नाव झाले ते गाण्यांमुळे. 1942 साली लिहिलेले ‘आय विल बी अराउंड’ हे त्याचे गाणे मिल्स ब्रदर्सनी गायले आणि ते ‘पेपर डॉल’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. पुढच्या बाजूने 1943 साली अमेरिका वेडी केली. तबकडी विकताना मागची बाजू कापून वेगळी विकता येत नसल्यामुळे वाइल्डरचे गाणेही घरोघर गेले. त्याच्या आधीच, 1938पासून, त्याने आठ वादकांसाठी छोट्या रचना केल्या होत्या: ओबो, बासरी, बसून, बास क्लॅरिनेट, हार्पसिकॉर्ड वगैरे, आणि खाली जॅझचे ड्रम. त्यांची नावेच ऐकण्यासारखी आहेत. एकीचे नाव ‘मज्जाविकाराने पछाडलेला सोनमासा’, दुसरीचे ‘जॅक, हे माझे यजमान’, तिसरीचे ‘रेशीम आहे, हात लावून बघ’. जॅझवाल्यांना हे फार शास्त्रीय वाटले आणि शास्त्रीयवाल्यांना फार जॅझ. दोन्ही पंगतींनी त्याला पलीकडच्या पंगतीत पान मांडले आहे असे सांगितले, आणि तो जन्मभर मधल्या वाटेत उभा राहिला. गायक फ्रँक सिनाट्राला मात्र हे संगीत इतके आवडले की 1945 साली त्याने चक्क हातात छडी घेऊन वाइल्डरच्या रचनांची ध्वनिमुद्रिका संचालित केली. सिनाट्राला स्वरलिपी वाचता येत नव्हती. ध्वनिमुद्रिका चांगली आहे.

हार्वी फिलिप्सचे खानदान वेगळे. मिसूरी राज्यातल्या ऑरोरा गावचा हा शेतकरी मुलुखातला मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात सर्कशीच्या बँडमध्ये दाखल झाला आणि पुढे रिंगलिंग ब्रदर्सच्या जगप्रसिद्ध सर्कशीत मर्ल एव्हन्सच्या हाताखाली वाजवू लागला. सर्कशीचा बँड ही कठोर शाळा आहे. झोपाळ्यावरचा माणूस हवेत असताना तान संपून चालत नाही, वाघाने क्रम बदलला की पान उलटावे लागते, आणि दिवसाला दोन खेळ, हवा कशीही असो. त्यानंतर जुलियर्ड विद्यालयात विल्यम बेलचा शिष्य म्हणून तो दाखल झाला, 1954 साली न्यूयॉर्क ब्रास क्विंटेटच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि ट्यूबावर असे काही वाजवू लागला की लोक त्याला ट्यूबाचा पगानिनी म्हणू लागले. पगानिनीला व्हायोलिनचा फिलिप्स म्हणण्याइतकी उदारता अजून कोणी दाखवलेली नाही.

दोघांची गाठ घालून दिली हॉर्नवादक जॉन बॅरोजने. बॅरोज वाइल्डरचा जिवलग. त्याच्यासाठी वाइल्डर हॉर्नच्या रचना लिहीतच होता. वाइल्डरची पद्धत अशी की तो वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिही. माणूस आवडला की त्याचे वाद्य कोणते याची चौकशी होई आणि त्या वाद्याचे नशीब उजळे. फिलिप्स आवडला आणि 1959 साली ट्यूबा व पियानोची सोनाटा तयार झाली. मग हॉर्न, ट्यूबा आणि पियानो अशी सूट, म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ. बॅरोज आणि फिलिप्स या दोन्ही मित्रांना एका टेबलाशी बसवण्याचा हा त्याचा मार्ग. मग दुसरी सोनाटा, कॉन्चेर्तो, ट्यूबाचे धाकटे भावंड युफोनियम याच्यासाठी सोनाटा, बास ट्रॉम्बोनसाठी सोनाटा. फिलिप्सला मुलगे झाले तेव्हा त्यांच्याही नावाने ट्यूबाच्या सूट लिहिल्या गेल्या: एक जेसीची, एक छोट्या हार्वीची, एक थॉमसची. बारशाला चांदीची वाटी देणारे पाहुणे जगभर असतात. वाटी पुढे गहाण तरी पडते. ट्यूबाची सूट गहाण घेणारा सावकार अजून जन्मलेला नाही, म्हणून ती घरातच राहिली.

मैत्रीच्या या अर्थशास्त्रात एक अडचण होती. वाइल्डर रचना लिहून त्या मित्राच्या हाती ठेवून मोकळा होई. नक्कल ठेवायची, प्रकाशकाला पाठवायची, यादी करायची, हे त्याच्या स्वभावात नव्हते. इतरांच्या बाबतीत तो उलट होता. अमेरिकन लोकप्रिय गाण्यांवर जेम्स माहेरच्या साहाय्याने त्याने लिहिलेला ग्रंथ 1972 साली निघाला, तेव्हा त्यासाठी त्याने सतरा हजारांच्या आसपास गाणी तपासली होती आणि त्यातली आठशेच्या घरात निवडून त्यांतल्या एकेका वळणाची चिकित्सा केली होती. त्यात स्वतःच्या गाण्याला जागा दिली नाही. इतरांची आठशे गाणी मोजून मापून ठेवणाऱ्या माणसाची स्वतःची हस्तलिखिते मात्र मित्रांच्या कपाटांत विखुरलेली. ती गोळा करणे, छापून घेणे, ध्वनिमुद्रित करणे यात फिलिप्सने वर्षे घातली. पुढे गुंथर शुलर या संगीतकार मित्राच्या प्रकाशनसंस्थेने त्यांतली बरीच छापली. संगीतकाराने लिहावे आणि वादकाने वाजवावे एवढाच करार जगात इतरत्र असतो. येथे वादकाने संगीतकाराचे दप्तरही सांभाळले.

या सगळ्या संग्रहात थांबून पाहण्यासारखी आहे ती ‘एफी सूट’. एफी ही हत्तीण. सहा तुकड्यांत तिचे चरित्र आहे: एफी माकडाच्या मागे लागते, एफी प्रेमात पडते, नाचाची शिकवणी लावते, जत्रेत सामील होते, लोकनृत्यात भाग घेते, आणि शेवटी अंगाई गाते. वरकरणी हा मित्रद्रोह आहे. ट्यूबा म्हणजे विदूषक, ट्यूबा म्हणजे लठ्ठ माणूस, ट्यूबा म्हणजे हत्ती, या समजुतीविरुद्ध फिलिप्स आयुष्यभर लढत होता, आणि खुद्द मित्राने त्याला हत्तीणच आणून दिली. पण तुकडे ऐकले की डाव कळतो. दुसऱ्या तुकड्यात एफी प्रेमात पडते तेव्हा संगीत तिची टिंगल करत नाही. चाल अशी आहे की ती एखाद्या गायिकेला दिली असती तर तिने आनंदाने घेतली असती. हसायला आलेला श्रोता चौथ्या-पाचव्या मिनिटाला अवघडून बसतो, आणि अंगाईपर्यंत हत्तीण हा विनोद उरलेलाच नसतो.

शिवाय फिलिप्सला हत्तींचे प्रत्यक्ष ज्ञान होते, आणि हत्तींना संगीताचे. रिंगलिंग सर्कशीसाठी 1942 साली थेट स्ट्राविन्स्कीसारख्या बड्या संगीतकाराने ‘सर्कस पोल्का’ लिहिला होता, एका तरुण हत्तीसाठी अशी त्यावर नोंद आहे. नृत्यरचना बॅलन्शिनची. 50 हत्ती आणि 50 नर्तकी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकत्र नाचल्या आणि बँड होता मर्ल एव्हन्सचा, तोच ज्याच्या हाताखाली काही वर्षांनी फिलिप्स वाजवणार होता. स्ट्राविन्स्कीची बेभरवशाची लय हत्तींना रुचली नाही असे तेव्हाचे लोक सांगत. हत्ती ठेक्यावर चालणारा प्राणी आहे. पुढचा ठेका कुठे पडणार याची त्याला खात्री लागते. वाइल्डरची एफी नाचते तेव्हा ठेका जागच्या जागी असतो. या एका बाबतीत वाइल्डर स्ट्राविन्स्कीच्या वर गेला असे म्हणायला हत्तींची हरकत नसावी. पुढे त्याने ट्यूबा आणि वाद्यवृंदासाठी ‘देवमाशासाठी विलापिका’ ही लिहिली, म्हणजे वजनाच्या बाजूने पाहता वाद्याची बढतीच झाली.

खर्जासाठी लिहिणे अवघड का, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. वरच्या सप्तकात षड्ज आणि गंधार एकदम वाजवले तर गोड लागतात. तेच दोन स्वर ट्यूबाच्या तळाशी नेऊन एकदम वाजवले तर नुसती घरघर होते, कारण तेथे दोन कंपने इतकी जवळ येतात की कान त्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणून तळात स्वर दूर दूर ठेवावे लागतात: षड्ज-पंचम, नाहीतर थेट वरचा षड्ज, गंधार वरच्या मजल्यावर. पियानोची साथ असेल तर पियानोवाल्याच्या डाव्या हाताला आवर घालावा लागतो, कारण तो सवयीने खाली उतरतो आणि तेथे ट्यूबा आधीच बसलेला असतो. दुसरी अडचण दमाची. खालचा सूर जोरात लावला की छातीतली हवा काही सेकंदांत संपते. व्हायोलिनसाठी लिहिलेले लांबलचक वाक्य ट्यूबाला दिले तर वादक मध्येच निळा पडतो. येथे वाइल्डरची गाण्यांची सवय कामी आली. गाणे लिहिणाऱ्याला गायक कुठे श्वास घेणार हे आधी ठरवावे लागते. ट्यूबासाठीही तो तेच करी. त्याच्या सोनाटात श्वासाच्या जागा शोधाव्या लागत नाहीत, वाक्यच तेथे संपलेले असते. विद्वान संगीतकारांनी ट्यूबासाठी लिहिलेल्या बऱ्याच रचनांत वादकाची परीक्षा घेतलेली दिसते. वाइल्डरच्या रचनांत त्याची सोय पाहिलेली दिसते. हा गुण समीक्षेत मोजला जात नाही, पण वाजवणाऱ्याला लगेच कळतो.

फिलिप्सचे गुरू विल्यम बेल 1971 साली वारले. संचालक टोस्कानीनीच्या एनबीसी वाद्यवृंदात आणि नंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेला हा माणूस जन्मला होता 1902च्या नाताळच्या दिवशी. गुरुदक्षिणा म्हणून फिलिप्सच्या डोक्यात आले की न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या बर्फाच्या मैदानावर काहीशे ट्यूबा आणि युफोनियम जमवावेत आणि नाताळची गीते वाजवावीत. त्याने रॉकफेलर सेंटरला फोन केला आणि 300 ट्यूबा असे सांगितले. पलीकडे शांतता पसरली. मग फिलिप्सने ओळखीच्या काही मंडळींचे खासगी फोन नंबर दिले आणि खात्री करून घ्यायला सांगितले. त्यांत लिओपोल्ड स्टोकोव्स्की होता, लेनर्ड बर्नस्टाइन होता, दोघेही नामांकित वाद्यवृंद-संचालक. थोड्या वेळाने रॉकफेलर सेंटरचा उलट फोन आला आणि हवे ते करण्याची परवानगी मिळाली. जगातल्या बहुतेक परवानग्यांमागचे तत्त्व हेच आहे. फक्त इतरांकडे बर्नस्टाइनचा नंबर नसतो.

आता वाजवायचे काय हा प्रश्न. नाताळची गीते चर्चमधल्या गाणाऱ्यांसाठी बांधलेली, ट्यूबांचा समुदाय ती जशीच्या तशी वाजवू गेला तर वर सांगितलेली घरघर तिनशे पटींनी व्हायची. ती गीते नव्याने बांधून दिली वाइल्डरने. चाल बहुतेक युफोनियमकडे, खाली ट्यूबांचे स्वर सुटे सुटे. 22 डिसेंबर 1974 रोजी पॉल लव्हाल या संचालकाच्या छडीखाली तिनशेहून अधिक वादकांनी ती वाजवली आणि ऐकणाऱ्यांना ऑर्गनचा भास झाला. ‘ट्यूबाख्रिसमस’ या नावाने तो प्रकार दरवर्षी होऊ लागला, आणि न्यूयॉर्कबाहेर गावोगाव पसरला. उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत, झडपा गोठून बसतात. दोन गाण्यांच्या मध्ये वादक वाद्याच्या झडपा कोटाच्या आत घेऊन ऊब देताना दिसतात. शाळकरी मुले, निवृत्त पोस्टमन, वाद्यवृंदातले व्यावसायिक, सगळे एका रांगेत. कर्ण्यावर दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या असतात, ज्याच्या वाद्याला सर्वांत जास्त दिवे त्याला सूर थोडे कमी आले तरी चालतात.

वाइल्डर 24 डिसेंबर 1980 रोजी फ्लॉरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. त्याने ट्यूबांसाठी बांधलेली गीते त्या आठवड्यात वाजत होती. तेव्हापासून डिसेंबरचा हा आठवडा ट्यूबावाल्यांच्या पंचांगात भरगच्च झाला: 24ला वाइल्डरची पुण्यतिथी, 25ला बेलची जयंती, आणि दोन्ही मिळून एकच कार्यक्रम. स्मरण करण्याच्या रीती जगात पुष्कळ आहेत. कोणी मौन पाळतो, कोणी पुतळा उभारतो. ट्यूबावाल्यांना मौन जमण्यासारखे नाही, निदान जन्मभर पगारी मौन पाळल्यानंतर तरी नाही. म्हणून ते मित्राची आठवण चौकात, भर गर्दीत, जमेल तेवढ्या मोठ्याने करतात. वाइल्डरला स्वतःला हे आवडले असते का, हा प्रश्न वेगळा. समारंभ टाळण्यात त्याने हयात घालवली होती. गर्दीच्या कडेला उभे राहून त्याने पहिली चार-दोन गीते ऐकली असती, मधल्या ट्यूबांनी एक स्वर घाईने सोडला हे मनात टिपून ठेवले असते आणि टाळ्या सुरू होण्याआधी स्टेशन गाठले असते.

त्याच्या माघारी फिलिप्स स्वस्थ बसला नाही. इंडियाना विद्यापीठात तो 1994पर्यंत शिकवत होता. त्याच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी वाइल्डर वाजवल्याशिवाय बाहेर पडणे कठीण होते. मित्रांच्या खटपटीने रॉचेस्टरच्या ईस्टमन विद्यालयाच्या ग्रंथालयात वाइल्डरच्या नावाची वाचनखोली झाली. डेझमंड स्टोनने 1996 साली चरित्र लिहिले आणि त्याच्या नावातच सांगून टाकले की हा माणूस मोठा झाला तो स्वतःच्या इच्छेविरुद्ध. फिलिप्सने आपल्या आयुष्याची हकीकत ‘मिस्टर ट्यूबा’ या नावाने लिहून ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर, 2012 साली, प्रसिद्ध झाली. 2007 साली अमेरिकेच्या अभिजात संगीताच्या सन्मानदालनात त्याची निवड झाली, फुंकवाद्यांच्या वादकांत पहिली. वाइल्डरला गीतकारांच्या दालनात 1983 सालीच घेतले होते. त्याला विचारण्याची सोय तोवर राहिली नव्हती, नाहीतर त्याने नाही म्हटले असते.

ऐकायला सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. आधी ‘एफी सूट’ ऐकावी, लहान मूल शेजारी असेल तर उत्तम. मग हॉर्न, ट्यूबा आणि पियानोची पहिली सूट. बॅरोज आणि फिलिप्स यांनी ती वाजवलेली ऐकायला मिळाली तर दुसरी शोधू नये. 1959ची सोनाटा शेवटी. मोबाइलच्या स्पीकरवर यांतले काहीही लावू नये. तो खर्ज त्या यंत्राच्या आवाक्यातला नाही, आणि ऐकू येईल तो फक्त पियानो.